अस्मानी कोठे संपते?

'अस्मानी-सुलतानी' हा आपल्या भाषेतला जुना जोडशब्द आहे. पावसाने दगा दिला तर ती अस्मानी. सत्तेच्या जाचाने माणूस नागवला गेला तर ती सुलतानी. ज्यांनी हे दोन शब्द शेजारी बसवले त्यांना दोन्ही संकटे वेगवेगळी ओळखता येत होती. आज आपण आपत्तीविषयी जे लिहितो त्यात मात्र पहिलाच शब्द उरला आहे, अशी माझी तक्रार आहे. 'काळाने घाला घातला', 'निसर्गापुढे राव-रंक सारखेच' ही वाक्ये लेखांतून आणि श्रद्धांजलीच्या भाषणांतून इतकी फिरली आहेत, की ती खरी आहेत का हे तपासावे असे कोणाला वाटत नाही. सणाच्या अंकात हा विषय काढल्याबद्दल वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. फराळाचे ताट समोर असताना शेजारघरची आठवण काढावी, ही आपली रीतच आहे.

लातूरपासून आरंभ करू. गणपतीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. मृतांचा आकडा सरकारी मोजणीनेही आठ हजारांच्या जवळ जातो. त्या पहाटे राव-रंक सारखे होते काय? नव्हते; आणि विलक्षण गोष्ट अशी की पारडे उलटे झुकले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर्षानुवर्षे माती चढवून जड झालेले माळवद हे तिकडे ऐपतीचे लक्षण. तेच घरातल्या माणसांच्या अंगावर आले. कुडाच्या भिंतींवर गवत किंवा पत्रे टाकून राहणारे त्या मानाने वाचले.

इथपर्यंत अस्मानी. आता पुढचे पान वाचावे. 52 गावे नव्या जागी वसवायचे ठरले, जागतिक बँकेचे कर्ज आले, आणि घरांच्या मापाचा एक तक्ता तयार झाला. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला 400. त्याहून अधिक जमीन असेल तर 750. एखादी कविता वाचावी तसा मी हा तक्ता वाचतो, आणि त्यात काय आले नाही ते पाहतो. घरात माणसे किती, हा प्रश्न या मापात आलेला नाही. जमीन किती, एवढाच आला आहे. भूकंपाने क्षणभर विस्कटलेली उतरंड या तीन आकड्यांनी पुन्हा रचून दिली.

यावर कोणी म्हणेल, की ज्याचा वाडा गेला त्याला मोठे घर मिळाले तर बिघडले कोठे? धान्य, अवजारे, गुरे यांना जागा लागतेच. आक्षेप रास्त आहे. परंतु गेलेल्याची भरपाई आणि उद्याची उभारणी ही दोन निराळी कामे आहेत. जमीनदाराचे घर पडले तरी त्याची जमीन जागेवर राहते. भूमिहीनाजवळ घराखेरीज दुसरे काही नसते. आणि माप नेमके त्याच्याच घराचे कमी पडले.

तेवीस वर्षांनी याच जिल्ह्यात पाणी मोजण्याची पाळी आली. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने 12 एप्रिलला सुमारे पाच लाख लिटर आणले. त्याआधी मार्चमध्येच टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती. पाऊस आला नाही ही अस्मानी खरी. पण याच मांजरेच्या खोऱ्यात पाणी पिणारा ऊस आणि त्यावर चालणारे कारखाने आभाळातून पडलेले नव्हते. ज्याच्या बंगल्याखाली हौद होता, तो खाजगी टँकर विकत घेऊन तो भरू शकत होता. ज्याच्याजवळ दोन घागरी, त्याचे पाणी दोन घागरींवर संपे, आणि दिवस रांगेत जाई. सुट्टीतली पोरेही मग त्याच रांगेत दिसत.

तिसरे उदाहरण शेजारच्या नांदेडचे. किल्लारीला बरोबर तीस वर्षे पूर्ण झाली तेव्हाच, 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023 या दरम्यानच्या चोवीस तासांत, तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात अर्भके होती. उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. रुग्ण लांबून, अगदी अखेरच्या अवस्थेत येतात, असे तेव्हा सांगण्यात आले. हे खरे मानले तरी त्याने प्रश्न मिटत नाही. तिथूनच तो सुरू होतो. पैसेवाला पहिल्या तासाला डॉक्टर गाठतो. बाकीचे गावातल्या उपचारावर थांबतात, उसनवारी करतात, खाजगी दवाखान्यात पैसे संपवतात, आणि मग सरकारी दारात येतात. तोवर गेलेले तास कोणत्याही दप्तरात मांडले जात नाहीत.

तिन्ही ठिकाणी संकटाचा घाव आणि त्यानंतरचे वाटप यांत अंतर आहे, आणि विषमता त्या अंतरात उघडी पडते. आपले लेखन घावापाशी थांबते, कारण तिथे करुणा सोपी असते. दुसऱ्या दिवसापासून तक्ते, रांगा आणि कागद सुरू होतात. ते कंटाळवाणे असतात, पण माणसाचे पुढचे आयुष्य तेच ठरवतात. यापुढे आपत्तीवर कोणी कादंबरी किंवा कविता लिहिली, तर तिने दुसऱ्या दिवशी गावात जावे आणि मोजपट्टी कोणाच्या हातात आहे ते पाहावे. 'अस्मानी' शब्दाची जोडी तोडण्याचा आपल्याला अधिकार नाही.