लॅटिन मुळं पाठ झाली, पण पेपर कळला का?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी विभागाच्या सेमिनारमध्ये एका पेपरवर बोलत होते. विषय ऑप्टिकल कोटिंगचा, म्हणजे भिंगांवर आणि आरशांवर चढवायच्या पातळ थरांचा. पेपरमध्ये जागोजागी ‘रिफ्रॅक्टरी ऑक्साइड’ असा शब्द होता. मला तो अडला नाही, आणि तिथेच घोळ झाला. दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम. कॉलेजात आल्यावर इंग्रजीची भीती घालवायला मी शब्दांची लॅटिन मुळं पाठ करायचा सपाटा लावला होता. ‘फ्रॅक्ट’ म्हणजे मोडणे. फ्रॅक्शन, फ्रॅक्चर, रिफ्रॅक्शन. तेव्हा रिफ्रॅक्टरी ऑक्साइड म्हणजे प्रकाशाचं भरपूर अपवर्तन करणारं ऑक्साइड, झालं! झिर्कोनियाचा अपवर्तनांक खरंच दोनच्या वर असतो, त्यामुळे माझा अर्थ पेपरभर कुठेही आपटला नाही. वीस मिनिटं आत्मविश्वासाने बोलले. शेवटी एका सरांनी शांतपणे विचारलं, “भट्टीच्या विटांनाही रिफ्रॅक्टरी म्हणतात. त्यांतून प्रकाश जातो का?”

रिफ्रॅक्टरी म्हणजे उष्णतेला दाद न देणारा पदार्थ. झिर्कोनिया वितळायला सुमारे २७०० अंश सेल्सिअस लागतात, म्हणून तो रिफ्रॅक्टरी. औषधाला न जुमानणाऱ्या आजारालाही डॉक्टर हाच शब्द वापरतात. आणि गंमत म्हणजे मूळ तेच आहे, ‘मोडणे’वालंच. फक्त लॅटिनमध्येच त्याचा एक फाटा ‘हट्टी, न ऐकणारा’ या अर्थाकडे गेला होता. म्हणजे माझं मूळ बरोबर होतं आणि अर्थ साफ चूक.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की तुमच्यापैकी बरेच जण सध्या तेच करताय. कुणाकडे नेट-सेटच्या नोट्समधली शंभर मुळांची झेरॉक्स आहे, कुणाकडे अप्पा बळवंत चौकातून आणलेलं नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’. शाळांमध्येही ही पद्धत आवडीची आहे. एक मूळ घ्यायचं आणि ते गणित, विज्ञान, नागरिकशास्त्र अशा सगळ्या तासांना फिरवायचं. पद्धत वाईट नाही. तिच्याकडून जी अपेक्षा आपण ठेवतो, ती चुकीची आहे असं मला वाटतं.

आधी तिची जमेची बाजू. ‘रेडिक्स’ हे लॅटिन मूळ घ्या. याचा अर्थच ‘मूळ’. गणितात वर्गमूळाच्या चिन्हाला रॅडिकल म्हणतात. रसायनशास्त्रात रॅडिकल म्हणजे आपलं मूलक. मोड आलेल्या मटकीतून आधी बाहेर येतं ते रॅडिकल, म्हणजे आदिमूळ (उच्चार तोच, स्पेलिंग थोडं वेगळं). राजकारणातला रॅडिकल विचार तो मूलगामी. इरॅडिकेट म्हणजे मुळासकट उपटणे, आणि त्याला मराठी शब्द कोणता? निर्मूलन. फोड अगदी तीच, निर् आणि मूल. भाजीतला रॅडिश आला रेडिक्सवरून आणि आपला मुळा आला मूलकावरून. संस्कृतात ‘मूलक’ म्हणजे चक्क मुळा! दहावीला प्रयोगवहीत ‘आम्लारिधर्मी मूलके’ लिहिताना आपण काय लिहितोय हे कुणी सांगितलं असतं तर तास जरा सुसह्य झाला असता.

असे चार विषय एका धाग्यात आले की लक्षात राहतात, यात वाद नाही. सेमी-इंग्रजीच्या मुलांना तर याचा जास्तच उपयोग, कारण त्यांचं गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकीचं मराठीत असतं. दोन्हींमधला पूल त्यांना कुणी दाखवत नाही.

पण वरच्या परिच्छेदात मी काय केलं ते नीट बघा. वर्गमूळ, मूलक, आदिमूळ, निर्मूलन, हे सगळे अर्थ तुम्हाला आधीच माहीत होते. मी फक्त मागे जाऊन त्यांना एका दोऱ्यात ओवलं. उलट दिशेने जाऊन बघा. ज्याने रसायनशास्त्र वाचलंच नाही त्याला ‘रेडिक्स म्हणजे मूळ’ एवढंच सांगून फ्री रॅडिकल म्हणजे काय ते ओळखायला लावा. सात जन्मांत येणार नाही.

याचा धडा आपल्याला लॅटिनच्या आधी संस्कृतच्या तासाला मिळालेला असतो. ‘हृ’ धातू, अर्थ नेणे, घेणे. त्याला उपसर्ग लावले की आहार, विहार, प्रहार, परिहार, संहार. ‘सम्’ म्हणजे एकत्र आणि ‘हार’ म्हणजे नेणे, एवढ्यावरून संहार कुणाला सुचेल? आपण ते शब्द आधी ऐकलेले असतात, म्हणून फोड सांगितली की ‘अरे हो!’ होतं. हा ‘अरे हो’ फार फसवा असतो. शब्द उलगडल्याचा आनंद मिळतो आणि आपल्याला वाटतं की आता नवा शब्दही असाच उलगडेल.

नॉर्मन लुईसच्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार इथे आहे. १९४९ सालचं हे पुस्तक अजून फुटपाथवर ढिगाने विकलं जातं, आणि ते नुसत्या याद्यांचं पुस्तक नाही हे आधी कबूल करते. तो आधी कल्पना सांगतो, मग शब्द देतो, मग त्याची व्युत्पत्ती आणि मग रट्टा मारून घेतो. शिकवण्याची हातोटी आहे त्याच्याकडे. पण ते लिहिलंय इंग्रजीतच वाढलेल्या प्रौढ वाचकासाठी, ज्याच्या कानावरून यातले कितीतरी शब्द गेलेले असतात. आपल्या हातात ते येतं तेव्हा कानावरून काहीच गेलेलं नसतं. शिवाय शब्द कोणते? मिसॅन्थ्रोप, अ‍ॅसेटिक, एगोटिस्ट. माझ्या पीएचडीच्या चार वर्षांत यातला एकही पेपरमध्ये भेटला नाही. पेपरांमधले शब्द हवे असतील तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडमिक वर्ड लिस्ट बघा. सुमारे ३५ लाख शब्दांचा शैक्षणिक मजकूर चाळून त्यांनी ५७० शब्दकुटुंबं काढली आणि त्या मजकुरातले जवळपास दहा टक्के शब्द त्यांतलेच निघाले. त्यातही लॅटिनचाच भरणा आहे, पण शब्द ‘सिग्निफिकंट’, ‘डिराइव्ह’ या जातीचे, रोज लागणारे.

‘सिग्निफिकंट’वर जरा थांबते, कारण इथे मूळ खरंच मदतीला येतं. ‘सिग्नम’ म्हणजे खूण. आपण या शब्दाचा अर्थ ‘महत्त्वाचा’ असा घोकलेला असतो आणि संख्याशास्त्रात तो नडतो. एखादा फरक सिग्निफिकंट आहे म्हणजे तो मोठा किंवा महत्त्वाचा आहे असं नाही. निव्वळ योगायोगाने इतका फरक सहसा दिसला नसता, म्हणून ही कशाची तरी खूण असावी, एवढंच. इथे मूळ रोजच्या अर्थापेक्षा शास्त्रातल्या अर्थाच्या जवळ आहे. पण हे मला कळलं ते संख्याशास्त्र शिकल्यावर. आधी नाही.

आणि कधीकधी मूळ सरळसरळ चकवा देतं. त्रिकोणमितीतला ‘साइन’ घ्या. लॅटिन मूळ ‘सायनस’, म्हणजे घडी, खोलगट जागा. नाकाजवळच्या पोकळीचं नावही तेच. आता काटकोन त्रिकोणातल्या गुणोत्तराचा पोकळीशी काय संबंध? काहीच नाही. आर्यभटाने ज्या, अर्धज्या म्हटलं होतं, म्हणजे धनुष्याची दोरी. ज्या किंवा जीवा हा शब्द अरबीत गेला तो ‘जीबा’ होऊन. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे कुणीतरी तो ‘जैब’ असा वाचला, म्हणजे कपड्याची घडी, खिसा. आपला ‘जेब’ तोच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करताना त्या ‘जैब’चं झालं सायनस. वर्तुळाच्या धड्यात आपण जिला जीवा म्हणतो, तिची निम्मी म्हणजे साइनची जन्मकथा. ती मराठी पुस्तकात समोर होती आणि लॅटिनच्या यादीत कुठेच नव्हती.

मग संशोधन काय म्हणतं? विल्यम नॅगी आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९८४ मध्ये अंदाज बांधला होता की अमेरिकेतल्या तिसरी ते नववीच्या छापील इंग्रजीत सुमारे ८८,५०० शब्दकुटुंबं असतात. इतके शब्द एकेक करून शिकवणं अशक्य, म्हणून मुळं शिकवा, असा या आकड्याचा वापर होतो. पण कुटुंब ठरवताना त्यांनी मूळ एक आहे एवढ्यावर शब्द एकत्र टाकले नव्हते. एक शब्द माहीत असलेल्या मुलाला संदर्भाच्या मदतीने दुसऱ्याचा अर्थ लावता येईल का, हे पाहिलं होतं. म्हणजे माझे रिफ्रॅक्शन आणि रिफ्रॅक्टरी त्या हिशोबाने एका घरात राहणार नाहीत. पुढे २०१० मध्ये बावर्स, कर्बी आणि डीकन यांनी २२ अभ्यासांचा आढावा घेतला. शब्दाची घडण शिकवल्याचा मुलांना फायदा होतो, वाचनात मागे असलेल्यांना जास्त होतो, आणि वाचन-लेखनाच्या बाकीच्या शिकवण्यात ती मिसळली तर अधिक होतो. शेवटचा भाग आपण नेमका सोडून देतो आणि सुटी झेरॉक्स पाठ करतो.

आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरची ही गोष्ट. हुशार मुलगी, मुळं माझ्यापेक्षा जास्त पाठ. एका पेपरमध्ये लेखकांनी लिहिलं होतं की गळतीचा करंट हे कारण ‘रूल आउट’ करता येतं. रूल म्हणजे नियम, आउट म्हणजे बाहेर, तेव्हा हे नियमाबाहेरचं खास कारण, असा तिने अर्थ लावला. लेखकांनी जे फेटाळलं होतं त्याच्याच मागे ती दोन आठवडे मोजमापं घेत होती. ‘अकाउंट फॉर’मध्ये ती हिशोब शोधायची. ‘सेट अप’, ‘गिव्ह राइज टू’ यांचा तर लॅटिनशी संबंधच नाही. पेपरमध्ये युक्तिवाद वळतो तो बहुतेक अशाच बारक्या शब्दांवर, आणि त्यांची यादी कुणी विकत नाही.

त्यानंतर आम्ही दोघींनी एक वही केलीय. पानावर आधी शब्द ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य उतरवायचं. मग त्या विषयात त्याचा अर्थ काय, तो मराठीत. मूळ सर्वांत खाली, आणि अर्थ पक्का झाल्याशिवाय ते शोधायचं नाही. गेल्या आठवड्यात ती ‘डीजनरेट’ घेऊन आली. पुंजयामिकीच्या पेपरमध्ये एकाच ऊर्जेच्या वेगवेगळ्या अवस्था, जनुकशास्त्रात एकाच अमिनो आम्लासाठी अनेक कोडॉन, भूमितीत तिन्ही शिरोबिंदू एका रेषेत आलेला त्रिकोण. तीन वाक्यं, तीन अर्थ लिहून झाले. खालची ओळ अजून रिकामी आहे. तिला सांगितलंय, शब्दकोश उघडण्याआधी या तिघांत समान काय आहे ते तूच सांग.