अवकाश विज्ञानाचे अध्यापन आणि प्राध्यापक-प्रशिक्षण : मराठवाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले आणि अवकाश विज्ञान हा घरोघरी चर्चेचा विषय झाला. मात्र महाविद्यालयाच्या वर्गात तो कोणत्या स्वरूपात पोहोचतो, हे शिकविणाऱ्या प्राध्यापकाच्या तयारीवर अवलंबून असते. ही तयारी घडविणाऱ्या व्यवस्थेची छत्रपती संभाजीनगर व मराठवाड्याच्या संदर्भात चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उजळणी वर्ग : उपलब्धी आणि मर्यादा

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजांची योजना आखली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही असे केंद्र उभे राहिले. पुढे या केंद्रांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र आणि त्यानंतर मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र असे झाले. नावे बदलली, अल्पमुदतीच्या वर्गांची चौकट मात्र टिकून राहिली. या वर्गांचे श्रेय नाकारता येणार नाही. तालुक्याच्या गावी एकट्याने विषय सांभाळणाऱ्या प्राध्यापकाला त्यांनी समविषयी सहकारी मिळवून दिले. परंतु त्यांची सांगड पदोन्नतीशी घातली गेल्याने प्रमाणपत्र हे साधन न राहता साध्य होण्याचा धोका निर्माण झाला. अवकाश विज्ञान निरीक्षणावर उभे आहे. दुर्बिणीला डोळा न लावता आणि उपग्रहाने पाठविलेली माहिती स्वतः न हाताळता ऐकलेली व्याख्याने वर्गात पुन्हा व्याख्यानेच होऊन उतरतात.

आयुकाचे प्रारूप :

याला पर्याय महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आयुकाचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी विद्यापीठीय प्राध्यापकाला संशोधनाच्या प्रवाहात आणणे हे संस्थेचे प्रमुख कार्य मानले. आयुकाचे सहयोगी सदस्यत्व तीन वर्षांचे असते. या काळात प्राध्यापक वारंवार तेथे जातो, ग्रंथालय व संगणक वापरतो आणि आपल्या महाविद्यालयात परततो. प्रशिक्षण हा प्रसंग नसून दीर्घकाळचा संबंध आहे, हे या योजनेचे मर्म होय. मात्र ती प्रामुख्याने संशोधनाकडे वळलेल्या प्राध्यापकांसाठी आहे. केवळ पदवी वर्गांना शिकविणारा मोठा वर्ग तिच्या कक्षेबाहेर राहतो.

दाराशी असलेली प्रयोगशाळा :

संभाजीनगरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर लोणारचे विवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झाले. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे काढले गेले. विज्ञान मतभेदांतून कसे पुढे जाते, हे शिकविण्यास याहून समर्पक उदाहरण क्वचितच सापडेल. तथापि लोणारची भेट सहल म्हणून आखली, तर विद्यार्थी विवर पाहतो. त्यामागील प्रश्न पाहत नाही. तो प्रश्न उभा करण्याचे कौशल्य प्राध्यापकाला प्रशिक्षणातूनच मिळावयास हवे.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या उभारणीत मराठवाड्याची जमीन असेल. परंतु तेथील वैज्ञानिकांत मराठवाड्याचे विद्यार्थी असतील काय, याचे उत्तर आजच्या पदवी वर्गांत घडत आहे. प्राध्यापकच या विषयाशी अपरिचित राहिला, तर प्रकल्प दाराशी येईल आणि ज्ञान कुंपणाआड राहील.

समारोप :

प्रशिक्षणाचे मूल्यमापन उपस्थितीवरून न करता प्राध्यापकाने वर्षभरात वर्गात काय बदलले यावरून व्हावे. आयुकासारखा दीर्घ संबंध, लोणारसारखे क्षेत्र आणि ॲस्ट्रोसॅटसारख्या मोहिमांची अभ्यासकांना खुली असलेली माहिती यांची जोड अल्पमुदतीच्या वर्गांना देता येईल. अध्यापनाचा भार आणि रिक्त पदे यांमुळे प्राध्यापकाला मोकळे करणे महाविद्यालयांना अवघड जाते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या प्राध्यापकावर न टाकता विद्यापीठाने ती नियोजनात सामावून घेतली पाहिजे. अन्यथा प्रमाणपत्रांची संख्या वाढत जाईल आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र फळ्यावरचेच आकाश येईल.