व्यसनी नायकाचें मरण

भाताची कापणी-मळणी आटोपली म्हणजे झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतल्या गांवोगांवीं रात्र-रात्र प्रयोग चालतात. नाटकमंडळ्या बहुधा वडसा-देसाईगंजाहून येतात. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतलें केशोरी हें मिरचीसाठीं नांवाजलेलें गांव याच पट्टींत, गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेकडे आहे. तेथील मंडपांत थंडीच्या एका रात्रीं आम्ही बसलों होतों. नाटकाचें व मंडळीचें नांव देण्याचें येथें प्रयोजन नाहीं, कारण आमचें म्हणणें त्या एका प्रयोगापुरतें नाहीं. नायक दारूबाज. पहिल्या अंकांत तो होतकरू, दुसऱ्यांत कर्जबाजारी आणि शेवटच्यांत बायकोच्या पायांशीं मरून पडलेला. बायका पदरानें डोळे पुसत होत्या. आमच्या शेजारीं घोंगडी पांघरून बसलेले एक वृद्ध शेतकरी हलकेंच म्हणाले, "बरं झालं बापा, सुटला."

हा लेख त्या एका शब्दानें आम्हांकडून लिहविला आहे. मराठींत व्यसन टाकणारा 'सुटतो' आणि प्राण टाकणाराही 'सुटतो'. 'मुक्ति' या भारदस्त शब्दाचीही तीच गत आहे. भाषेच्या या योगायोगांत आमच्या वाङ्मयाची एक खोड लपलेली आहे, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. व्यसनी मनुष्यासाठीं आमच्या लेखकांनीं दोनच वाटा मोकळ्या ठेवल्या: त्यानें सोडावें किंवा त्यानें मरावें. अजून सोडलेलें नाहीं, कदाचित् उद्यांही सुटणार नाहीं, आणि तरीही आज रात्रीं जो जगला पाहिजे, असा मनुष्य आमच्या रंगभूमीवर क्वचितच उभा राहिला आहे.

या परंपरेचें मूळ शोधूं गेल्यास आपण अर्थातच राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'पाशीं येतों. गडकरी १९१९ च्या जानेवारींत वारले आणि त्याच वर्षीं हें नाटक रंगभूमीवर आलें. त्याचें सामर्थ्य आम्ही नाकारीत नाहीं. सुधाकर हा खलपुरुष नाहीं. तो बुद्धिमान, मानी आणि म्हणूनच दुखावला जाणारा आहे. सोडण्याचा निश्चय करून पुन्हा प्याल्याकडे वळणारा तो मनुष्य आजही ओळखीचा वाटतो. परंतु नाटकाचें नांवच त्याचा सिद्धांत सांगतें. पहिला प्याला ओंठाला लागला कीं शेवटला अटळ. या सिद्धांताला मधली पायरी चालत नाहीं. म्हणून मूल जातें, सिंधू जाते, आणि अखेर सुधाकरालाही विषाचा प्याला घ्यावा लागतो. तळीरामाचें आजारपण तर वैद्य आणि डॉक्टर यांच्या हास्यकारक झगड्यांत बुडून जातें. प्रेक्षक पोट धरून हंसतो, आणि एक मनुष्य अंथरुणावर मरत आहे हें विसरतो. विनोद उत्तमच आहे. पण मद्यप्याचें मरण सुधारण्याजोगें नव्हे, तर एकतर हंसण्याजोगें किंवा रडण्याजोगें, ही दृष्टि तेथें पक्की झाली. झाडीपट्टींतला दारूबाज नायक त्याच घराण्यांतला आहे.

या दृष्टीला पहिला मोठा धक्का दिला तो नाटकानें नव्हे, तर शोधवृत्तीच्या गद्यानें. १९८० नंतर मुंबई-पुण्यांत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर या नांवाचें अशुद्ध हेरॉईन, पसरूं लागला. अनिल अवचट यांनीं या विषयावर लिहिलें आणि त्याचेंच 'गर्द' हें पुस्तक झालें. हें लेखन वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं साहाय्य केलें, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यांत मुक्तांगण हें केंद्र उघडलें. त्याचा भार डॉ. सुनंदा अवचट यांनीं उचलला. एखाद्या पुस्तकाच्या पोटीं एक संस्था जन्मास यावी, असें मराठींत फार थोड्या वेळां घडलें आहे. अवचटांची शैली साधी, बोलकी. उपदेशाचा सूर न लावतां ते समोरच्याला बोलूं देतात. 'गर्दुल्ला' या शब्दांत जी तुच्छता आहे ती अशा लेखनापुढें टिकत नाहीं. गर्द तुटल्यावर देहाची जी तडफड होते तिला ते लोक आपल्या बोलींत 'टर्की' म्हणतात. त्या तडफडीला भिऊन मनुष्य पुन्हा पुडीकडे जातो, केवळ चैनीसाठीं नव्हे, हें या लेखनामुळें मराठी वाचकाला कळलें.

मग आमची तक्रार कोणती? ती त्या पुस्तकाविषयीं नाहीं. त्यानंतर आम्ही वाचकांनीं आणि लेखकांनीं जें केलें त्याविषयीं आहे. केंद्राचें दार दिसतांच आम्हीं सुटकेचा श्वास टाकला. पुढच्या कथाकादंबऱ्यांना आणि अनुभवकथनांना आम्हीं एकच सांचा घालून दिला: पतन, पश्चात्ताप, उपचार, सत्कार. सुधाकराच्या मरणाऐवजीं आतां दाराबाहेर पडणारा हार घातलेला तरुण आला, इतकाच फरक. पडदा मात्र तेव्हांही एका टोकाला पडत होता, आतांही एका टोकालाच पडतो.

हें केवळ कलेचें वैगुण्य असतें तर आम्ही इतकें लिहिलें नसतें. परंतु येथें वैद्यकशास्त्र साहित्यिकाला कांहीं सांगूं पाहतें. अफूच्या कुळांतलीं द्रव्यें, म्हणजे अफू, मॉर्फीन, हेरॉईन आणि कित्येक वेदनाशामक औषधें, मेंदूंतील श्वास चालविणाऱ्या केंद्राला मंद करितात. रोज घेणाऱ्याच्या देहाला हळूहळू त्याची संवय होते आणि त्याला मोठी मात्राही सोसते. कांहीं आठवडे तो उपचारकेंद्रांत किंवा तुरुंगांत राहिला कीं ही सोसण्याची शक्ति ओसरते; मनांतली ओढ मात्र तशीच उरते. बाहेर आल्यावर एखाद्या दुबळ्या संध्याकाळीं त्यानें पूर्वीचीच मात्रा घेतली, तर तीच त्याला मारते. म्हणजे जेथें आमची गोष्ट सुखान्त होऊन संपते, तेथेंच सर्वांत धोक्याचे दिवस सुरू होतात. हार घालून निरोप देणाऱ्या घरच्यांना ही गोष्ट कोणी सांगितली नसेल, तर त्या अज्ञानांत आमच्या सुखान्त गोष्टींचाही वांटा आहे.

आणि हें मरण अटळ नसतें. तें नाटकांतल्यासारखें एका किंकाळीसरशीं येत नाहीं. बहुधा मिनिटें, कधीं तासही घेतें. मनुष्य हांकेला ओ देत नाहीं, श्वास फार सावकाश किंवा घरघरता होतो, ओंठ व नखें निळसर-करडीं पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोकाएवढ्या होतात. अशा वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, तोंडानें श्वास द्यावा, आणि श्वास चालू झाला कीं त्याला कुशीवर निजवावें, म्हणजे ओकारी घशांत अडकत नाहीं. नॅलोक्सोन नांवाचें औषध आहे. तें अफूवर्गीय द्रव्याला मेंदूंतील त्याच्या जागेवरून हटवितें आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत आणूं शकतें. १९७१ सालीं अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली. त्याचा अंमल मात्र अर्ध्या ते दीड तासांत उतरतो, म्हणून जागा झालेल्या मनुष्याला एकटें सोडतां येत नाहीं. शिकागोंत १९९६ पासून हें औषध थेट व्यसनी लोकांच्या हातीं देण्यांत येऊं लागलें. २०१४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंही सांगितलें, कीं असा प्रसंग ज्यांच्या डोळ्यांदेखत घडण्याचा संभव आहे, त्या सोबत्यांना व घरच्यांना नॅलोक्सोन मिळावें आणि तें कसें द्यावें हें शिकवावें. नायकाला वांचविणारा दुसरा नायक वैद्य नसून शेजारी असावा, असाच याचा अर्थ.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाहीं. वांचविण्याची सोय केली तर व्यसनाची भीति जाणार नाहीं काय? स्वच्छ सुई देणें म्हणजे सुईला संमति देणें नव्हे काय? आम्ही स्वतःही एके काळीं असेंच म्हणत होतों. परंतु विचाराअंतीं आम्हांला दिसलें, कीं भीतीनें व्यसन सुटत असतें तर तें केव्हांच सुटलें असतें. भीतीनें बहुधा एवढेंच होतें, कीं सोबती पोलिसांच्या धाकानें बेशुद्ध मित्राला टाकून पळतो. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा कडक आहेच. तरी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना सुई टोचून घेणाऱ्यांना नव्या सुया आणि जिभेखालीं ठेवण्याची ब्युप्रेनॉर्फीनची गोळी देण्याची योजना चालवीत आली आहे. २०१९ च्या सरकारी पाहणींत देशांतील सुमारें २ कोटि २६ लक्ष लोक अफूवर्गीय द्रव्यें घेत असल्याचें आणि त्यांतल्या सुमारें ७७ लक्षांना मदतीची गरज असल्याचें आढळलें. इतक्या लोकांना 'आधीं सुटा, मग जगा' असें सांगणें हा नीतीचा उपदेश नव्हे, ती एक प्रकारची बेफिकिरी आहे.

शिवाय अफू आम्हांस परकी आहे, असेंही नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. १९२० च्या सुमारास कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्यांनीं ही चाल नोंदून ठेविली आहे. मात्रा चुकली तर तें मूल पुन्हा डोळे उघडीत नसे. त्याचा श्वास ज्या रीतीनें थांबे त्याच रीतीनें आज पुलाखालीं पडलेल्या तरुणाचा थांबतो. त्या मुलाविषयीं 'सुटलें' म्हणून कोणी समाधान मानलें असतें, तर आपण त्याला निर्दय म्हटलें असतें. विष एक, मरण एक. निराळा आहे तो फक्त आपला न्याय.

आतां पुन्हा केशोरीकडे येऊं. त्या मुलखांतला खरा प्रश्न गर्दाचा नाहीं, दारूचा आहे, हें आम्ही जाणतों. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत स्त्रियांच्या व कार्यकर्त्यांच्या चळवळीनें १९९३ मध्यें दारूबंदी आली. त्या चळवळीचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. नॅलोक्सोन दारूवर चालत नाहीं, हेंही सांगून ठेवलें पाहिजे. पण पिऊन पडलेल्या मनुष्याला उताणा न ठेवतां कुशीवर वळविणें, त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवणें आणि वेळेवर गाडी बोलावणें या गोष्टी दोन्हींकडे सारख्याच लागतात. जिल्ह्याचें ठिकाण दूर आणि रात्रीची वाट जंगलांतली असेल, तेथें तर शेजाऱ्याच्या हातांवरच सारें येऊन ठेपतें.

झाडीपट्टीचा नाटककार आपल्या प्रेक्षकाला जितका जवळून ओळखतो, तितका पुण्या-मुंबईचा ओळखत नाहीं. हजारों माणसें रात्रभर ज्याच्या शब्दावर जागतात, त्याच्याकडे आमची एक विनंति आहे. नायकाला व्यसन असूं द्या, तें शेवटच्या अंकापर्यंत सुटूंही नका देऊं. मात्र तो अंगणांत पडला असतां कोणी तरी धांवत येऊं द्या, त्याला कुशीवर वळवूं द्या, त्याच्या तोंडाशीं कान नेऊन श्वास ऐकूं द्या. तेवढा वेळ मंडपांत शांतता राहील. ती कोणत्याही स्वगतापेक्षां उणी ठरणार नाहीं. उजाडतां तो डोळे उघडील, आणि कदाचित् संध्याकाळीं पुन्हा पिईल. नाटक तेथें संपवावें कीं पुढें न्यावें, हा नाटककाराचा अधिकार. आम्हांला एवढेंच हवें आहे, कीं घोंगडी पांघरून बसलेल्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला पुढच्या हंगामांत "सुटला" याऐवजीं "वांचला" असें म्हणतां यावें.