शिकारकथेचे उत्तरायुष्य

ज्या वाङ्मयप्रकारांकडे मराठी समीक्षेने फारशा गांभीर्याने पाहिले नाही, त्यांत शिकारकथा हा एक होय. मुलांनी ती सुट्टीत वाचावी, मोठ्यांनी आगगाडीत चाळावी आणि वाङ्मयेतिहासकाराने एका वाक्यात उरकावी, अशी तिची स्थिती. त्यात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारकथेच्या पायाखालची जमीनच सरकली. जे कृत्य आज अपराध ठरते, त्याच्या वर्णनात रस घ्यावा काय, असा प्रश्न सुजाण वाचकाला पडू लागला. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे सरसकट नकारार्थी उत्तर देणे आम्हांस रास्त वाटत नाही.

शिकारकथेच्या दोन जाती प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली दरबारी. तिचा दाखला आमच्या छत्तीसगडातच आहे. १९४७ साली कोरियाचे महाराज रामानुज प्रतापसिंह देव यांनी तीन चित्ते मारले. भारतातील अखेरचे चित्ते म्हणून त्यांचीच गणना होते. १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते कुनोच्या रानात सोडावे लागले. मृत जनावरांमागे बंदूक घेऊन उभ्या असलेल्या महाराजांचे ते छायाचित्र म्हणजेच दरबारी शिकारकथा. तिच्यात आकडा असतो, लांबी-रुंदी असते. रान मात्र नसते.

दुसरी जात पायी हिंडणाऱ्याची. एखादा मित्र सोबतीला, खांद्यावर साधी बंदूक, आणि सावज बहुधा तित्तर, लावा नाही तर ससा. व्यंकटेश माडगूळकर या जातीचे. तरुणपणी ते बंदूक घेऊन रानोमाळ भटकले. पुढे बंदूक सुटली आणि हाती दुर्बीण व चित्रवही आली. 'सत्तांतर' या त्यांच्या कादंबरीस १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. वानरांच्या टोळीवरील सत्तेसाठी चाललेला झगडा त्यांनी जितक्या निर्विकारपणे टिपला आहे, तितका तो केवळ प्राणिप्रेमी लेखकास टिपता आला असता असे आम्हांस वाटत नाही. ही दृष्टी दबा धरून बसणाऱ्याची आहे. वारा कोणीकडून वाहतो हे चुकले की शिकाऱ्याचे सावज जाते. चुकीची किंमत त्याला तिथल्या तिथे मोजावी लागते. त्यामुळे त्याच्या गद्याला एक प्रकारची जबाबदारी येते. नाव ठाऊक नसले तरी चालेल. चाल, वेळ आणि आवाज ठाऊक असलेच पाहिजेत.

मारुती चितमपल्ली यांची वाट निराळी. ते वनाधिकारी; नवेगावबांध आणि नागझिरा ही त्यांची कर्मभूमी. आदिवासी आणि पारधी यांच्या तोंडचे शब्द त्यांनी वेचले, 'काकागार' आणि 'सारंगागार' यांसारखे शब्द मराठीत रुळवले. २०२५ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा मराठीचा एक शब्दकोशच मिटला असे अनेकांना वाटले असेल. तरीही एक उणीव नोंदविली पाहिजे. त्यांच्या लेखनात प्रत्यक्ष निरीक्षण आणि ऐकीव लोकसमजूत पुष्कळदा एकाच पंक्तीला बसतात आणि वाचकाला त्यांचा निवाडा करता येत नाही. चुकीची किंमत मोजावी लागत नाही, तेथे असे होण्याचा संभव असतो. त्यांच्या अनुकरणाने लिहिणाऱ्यांत तर हा दोष फारच वाढलेला दिसतो. झाडापाखरांच्या नावांची माळ ओवली की निसर्गलेखन झाले, अशी समजूत पसरली आहे.

बंदुकीतून दृष्टी आल्याची उदाहरणे बाहेरही आहेत. १९०८ साली सलीम अलींनी एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीने त्यांना पक्षिशास्त्राच्या दारात नेले. अमेरिकेतील वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड स्वतः शिकारी होता. आपण मारलेल्या लांडगिणीच्या डोळ्यांतला विझता प्रकाश त्याला जन्मभर छळत राहिला आणि १९४९ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात त्याचे चिंतन उतरले. त्याच देशात आजही वसंतात परवाना घेऊन सरकारी रानात रानटर्कीची शिकार होते. शिकारी मादीचा आवाज काढून नराला बोलावतो. बंदुकांवर आणि काडतुसांवर जो कर होता, तो १९३७ च्या कायद्याने वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवला आणि त्याच्या पैशातून त्यांची जोपासना झाली. टर्की जवळजवळ संपत आली होती. ती पुन्हा वाढली. आपल्याकडेही पूर्वी सरकारी जंगलाचे गट पाडून शिकारीचे परवाने मिळत. परंतु आपली रानेही आटली आणि जनावरेही. तेव्हा तो दाखला येथे जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे होईल.

गेल्या चैत्रात बूढ़ापाऱ्यातील एका मित्रासमवेत आम्ही बारनवापाऱ्याच्या बाजूला गेलो होतो. त्याचे आजोबा जुने शिकारी. तित्तराची साद त्याने त्यांच्याकडून उचललेली. अभयारण्याबाहेर, मोहाची फुले वेचणाऱ्या बायकांपासून दूर, शेताच्या बांधाशी बसून त्याने ओठांनी आवाज काढला. दोनदा काहीच झाले नाही. तिसऱ्यांदा उत्तर आले. मग ते जवळ येऊ लागले. अखेर तुरळक गवतातून मान ताठ करून, लढण्याच्या आवेशात, तो नर पुढे झाला. आमच्यापाशी बंदूक नव्हती आणि छायाचित्र घेण्याचेही भान उरले नाही. मित्र एकाएकी गप्प झाला. परतताना एवढेच म्हणाला, "अरे, आपण त्याला खोटे बोलून बोलावले. आजोबा निदान त्याला खात तरी होते."

या वाक्याने आमची बरीचशी उपपत्ती कोलमडली. बंदूक खाली ठेवली की हात आपोआप निर्मळ होत नाहीत. पाहण्यातही एक प्रकारचा हव्यास असतो. शिकारकथेकडून मराठी निसर्गलेखनाने घ्यावयाचे ते हेच: अचूकपणाची शिस्त, आणि आपण रानाकडून काय घेतले याची प्रामाणिक कबुली. दरबारी शिकारकथेत ही कबुली नव्हती, आणि आजच्या पुष्कळशा निसर्गलेखनातही ती आढळत नाही. म्हणून ज्या पायी शिकाऱ्याची आपण लाज बाळगतो, त्याची कथा पुन्हा एकदा काळजीपूर्वक वाचावी, अशी आमची सूचना आहे.