शेवटचा पीळ

चाचांनी पाना बाजूला ठेवला आणि पोराला चहा सांगितला. चारही बोल्ट आपापल्या जागी बसले होते, पण एकही आवळलेला नव्हता. गाडी अजून लोखंडी स्टँडवर होती, पुढची दोन्ही चाकं हवेत. मी म्हणालो, "चाचा, चार झटके तर राहिलेत, उरकून टाका की." ते म्हणाले, "चाकं लटकलीत. लटकत्या चाकांवर आवळलं तर रबर जन्मभर पिळलेलं राहील." त्या दुपारचं सगळं काम या एका नकाराभोवती उभं होतं. एखाद्या कवितेतली एक ओळ आधी अडखळवते आणि पुढे सगळी कविता तिच्यावरच तोललेली दिसते, तसं मला ते हळूहळू दिसत गेलं. म्हणून हे रसग्रहण.

जागा निजामपुरा. भिवंडीबाहेरच्या माणसाला हे नाव महापालिकेच्या पाटीवर भेटतं: भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका. आत शिरलं की पाटीआधी यंत्रमागांचा आवाज भेटतो. नवख्याला तो एकसुरी खडखडाट वाटतो, इथल्या माणसाला त्यात चुकलेला माग ओळखू येतो. चाचांनी उमेदीची वर्षं मागांवर फिटर म्हणून काढली, नंतर अँबेसेडर आणि पद्मिनीखाली झोपून. गाडी मात्र इथली नव्हती. मुंबईच्या एका परिचितांनी जागेअभावी भिवंडीच्या गोदामात ठेवलेली ही एमजीबी, दोन आसनांची, उघड्या टपाची. इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत या गाड्या तयार होत होत्या. चाचांनी अशी गाडी आयुष्यात पाहिली नव्हती. बॉनेट उघडलं आणि ते हसले. "ही तर अँबेसेडरची थोरली बहीण!" खोटं नव्हतं. अँबेसेडरचं १४८९ सीसीचं आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही इंजिनं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातली. तोंडावळा कुठे जातो?

दुखणं मात्र इंजिनात नव्हतं, पुढच्या स्टॅबिलायझरात होतं. गाडीच्या नाकाखालून एक पोलादी सळई आडवी जाते आणि दोन्ही टोकांना मागे वळून एकेका चाकाच्या खालच्या आर्मला लहानशा लिंकने जोडली जाते. मधला आडवा भाग दोन रबरी बुशांत धरलेला असतो. बस, एवढंच. या सळईचं वागणं मात्र मोठं मनोवेधक आहे. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर ती बुशांत नुसती फिरते, काही बोलत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं, किंवा वळणावर गाडी एका अंगाला कलली, की एक टोक वर आणि एक खाली होतं, सळईला पीळ बसतो आणि त्या पिळाच्या जोरावर ती कलणाऱ्या अंगाला सावरते.

पीळ हा शब्द भिवंडीत समजावून सांगावा लागत नाही. सुताला पीळ कमी पडला तर ते तुटतं, जास्त झाला तर स्वतःभोवतीच वेटोळी घालतं. सुंभ जळतो पण पीळ जात नाही असं आपण हेकट माणसाबद्दल म्हणतो. या सळईची हुशारी नेमकी त्याच्या उलट आहे. पीळ घ्यायचा, आणि रस्ता सरळ होताच पुरता सोडायचा. मिनिटाला कितीदा तरी. तिचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ९/१६ इंचाची सळई काढून ५/८ इंचाची घातली, फरक जेमतेम एक षोडशांश इंचाचा, तरी पिळाला होणारा विरोध जवळजवळ दीडपट होतो. इतक्या थोड्या अक्षरांत इतका अर्थ भरलेला मला फक्त ओव्यांत माहीत होता.

या गाडीच्या इतिहासात एक पाठभेदही आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या नव्या नियमांपायी एमजीबीला जड रबरी बंपर लागले, गाडी सुमारे इंचभर उंच करावी लागली. उंच झालेली गाडी जास्त कलणार हे उघड होतं. नेमक्या त्याच वेळी, १९७५ साली, ब्रिटिश लेलँडने खर्च वाचवण्यासाठी पुढची सळईच गाळली; हवी त्याने वेगळे पैसे मोजून घ्यावी. वळणावर सरळसूत चालणारी म्हणून नावाजलेली गाडी बोटीसारखी डुलू लागली. पुढे १९७७ च्या मॉडेलात सस्पेन्शन सुधारलं आणि मागेही एक सळई आली. ज्या ओळीवाचून चालेल असं प्रकाशकाला वाटतं, ती ओळ काय करत होती हे ती गाळलेल्या आवृत्तीतच कळतं. आमची गाडी त्या आधीची, जुन्या संहितेची.

आता बुश. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा रबरी ठोकळा, मधोमध भोक, एका बाजूने चिरलेला, म्हणजे तो सळईवर नुसता उघडून चढवता येतो. सपाट बाजू गाडीच्या अंगाला, गोल बाजूवरून लोखंडी पट्टी, पट्टीला दोन बोल्ट. पोलादाने पोलादाला थेट धरलं तर दोघंही एकमेकांना खाऊन टाकतील, म्हणून मध्ये हा मऊ मध्यस्थ. मागावर धोट्याला हाणणारा पिकर असतो आणि धोट्याचा धक्का गिळणारा बफर असतो. चाचांनी बुशाची ओळख मला तशीच करून दिली. "हा मार खायला ठेवलाय. यानं खाल्ला नाही तर दुसरं कुणीतरी खाईल."

वय, उष्णता, गळकं तेल आणि हवेतला ओझोन रबराला चिरा पाडतात, भोक लंबगोल होतं. मग वळणावर सळई आधी भोकातल्या मोकळ्या जागेत सरकते आणि नंतर पिळाला लागते. तेवढ्या क्षणात गाडी थोडी कललेली असते आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपलंच स्टिअरिंग उशिरा वळलं. खड्ड्यात एक चाक गेलं की खालून टक. आनंदवर्धनाने ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटलं. हा ध्वनी अर्थात त्या जातीचा नव्हता, पण वाच्यार्थापलीकडे नेणारा होता खरा. गाडीचे मालक महिनाभर शॉकअप बदलायचं म्हणत होते. चाचांनी गाडी गल्लीत एकदा पुढे, एकदा मागे घेतली आणि सांगितलं, "वरचं काही नाही, बार बोलतोय." तेही दोन्हीकडच्या गल्ल्यांतले माग चालू असताना.

कामाची सुरुवात माझ्या चुकीने झाली. बुश मी आणले होते, आणि कुठल्या सळईचे हे न विचारता आणले होते. चाचांनी व्हर्नियर लावला. सळई ९/१६ ची, बुश ५/८ चे. जुन्या बुशांचं दुखणंच मी नवं विकत आणलं होतं. दुसरे येईपर्यंत चार दिवस गाडी तशीच.

चौथ्या दिवशी त्यांनी पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली. एकच उचललं तर सळईला आधीच पीळ बसतो आणि बोल्ट सैल होताच ती अंगावर येते. मग दोन्ही लिंक सोडल्या, गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीपासून डिझेल पाजलेलं होतं, ते कुरकुरत निघाले. जुने बुश हातात आले ते आंब्याच्या वाळक्या सालीसारखे. जिथे नवे बसणार तेवढाच सळईचा भाग पॉलिश पेपरने घासून लखलखीत केला, बाकीचा गंज नुसता झाडला. शिकाऊ पोराने ग्रीस पुढे केलं, कारण मागावर जिथे घासतं तिथे तेल हा नियम. चाचांनी त्याच्या हातावर फटका मारला. साधं ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवतं आणि सडवतं. त्यांनी साबणाचं पाणी मागवलं. बुश सरकवण्यापुरतं निसरडं, वाळलं की नाहीसं. सबंध कामात मला सर्वांत देखणी वाटलेली गोष्ट ही: मदत करून पुसून जाणारं साबणपाणी.

मग पट्ट्या चढल्या, चारही बोल्ट आधी बोटांनी, मग पान्याने जेमतेम टेकेपर्यंत. आणि तो नकार.

चहा संपल्यावर चाकं चढवली, गाडी खाली उतरवली, पुढून दोन-तीनदा दाबून हलवली, मला आत बसवलं. आता दोन्ही चाकांवर गाडीचं वजन होतं, सळई तिच्या रोजच्या कोनात निवांत होती, कुणीही कुणाला पिळत नव्हतं. त्या अवस्थेत चाचा परत खाली सरकले आणि चारही बोल्ट आळीपाळीने, एकदा डावा एकदा उजवा, असे आवळले. रबर पट्टीच्या कडेने जरासं फुगून बाहेर आलं तसा हात थांबला. रबराला विश्रांती कशात वाटते हे ओळखून तिथेच त्याला कायम करायचं, एवढा त्या शेवटच्या पिळाचा अर्थ.

एका बाबतीत माझं आणि मालकांचं जुळलं नाही. त्यांना लाल पॉलियुरेथेनचे बुश हवे होते, रेसवाल्यांचे. ते टिकतात जास्त, हेही खरं. पण कडक असतात, वेगळं खास ग्रीस मागतात, नाही मिळालं तर किंचाळतात आणि रस्त्याचा प्रत्येक खडा हातापर्यंत पोचवतात. साठ वर्षांच्या गाडीला काळं रबरच शोभतं, असं माझं मत आहे. पैसे त्यांचे होते. या वेळी त्यांनी ऐकलं.

संध्याकाळी गाडी नाशिक रस्त्याच्या बाजूला काढली. भिवंडीत खड्डा शोधावा लागत नाही. डावं चाक आत गेलं, बाहेर आलं, खालून काही आवाज नाही. जुने बुश मी घरी आणले आणि चाचांचाच व्हर्नियर लावून भोक मोजलं: आडवं साडेचौदा मिलिमीटर, उभं सतरा.