दुष्काळाची मजुरी आणि धरणाचा हिशेब

ज्याँ द्रेझ व अमर्त्य सेन यांच्या ‘हंगर अँड पब्लिक ॲक्शन’ (१९८९) या ग्रंथातील १९७०–७३ च्या महाराष्ट्रीय दुष्काळाचे विवेचन मार्मिक आहे. सरकारी कामांवरील मजुरीने गरिबांच्या हाती पैसा आला, म्हणूनच बाजारातील धान्य त्यांच्या घरी पोहोचले. लोककल्याण हा तिजोरीवरील निव्वळ बोजा नव्हे, हे यावरून पटते. हाच न्याय पवनी तालुक्यातील गोसीखुर्दच्या धरणास लावून पाहावा. १९८८ साली पायाभरणी झाली. पुढे वैनगंगाकाठची गावे पाण्याखाली गेली. ज्यांच्या जमिनीवर देशाचा उत्कर्ष उभारावयाचा, त्यांचे पुनर्वसन हे दान नव्हे. तो उत्कर्षाचाच पहिला खर्च होय. तो न मांडता काढलेला नफा खोटा ठरतो.