उलटा अज्ञातवास

मराठीत आत्मकथनाची परंपरा जुनी आहे. संत बहिणाबाईंनी १७ व्या शतकात आपले आत्मवृत्त अभंगांतून निवेदन केले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नी घरगुती बोलीला वाङ्मयाची प्रतिष्ठा दिली. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि ज्यांचे जिणे तोवर बहुधा परक्यांनीच वर्णिले होते, ते स्वमुखाने बोलू लागले. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे २०१२ साली प्रसिद्ध झालेले 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन याच मालिकेत बसते, असे आमचे मत आहे. मनोविकास प्रकाशनाच्या या पुस्तकाचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले आहे. त्याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ती बहुतेक विषयाची झाली, ग्रंथाची थोडी. ती उणीव भरून काढण्याचा येथे यत्न आहे.

प्रथम नावाकडेच पाहावे. शिवी म्हणून फेकला जाणारा एक पुल्लिंगी शब्द आणि देवघरातले एक स्त्रीलिंगी नाम, ही दोन्ही येथे शेजारी बसली आहेत आणि दोहोंच्या आधी तोच 'मी' उभा आहे. मराठीत हा 'मी' सोपा नाही. 'मी गेलो' म्हणावे की 'मी गेले', याचा निर्णय केल्यावाचून भूतकाळातले साधे वाक्यही पुरे होत नाही. आमच्या कोकणीत तर पुरुष 'आयलों' म्हणतो, प्रौढ स्त्री 'आयल्यें' म्हणते आणि अविवाहित मुलगी नपुंसकलिंगी 'आयलें' म्हणते. इंग्रजीत किंवा तमिळमध्ये प्रथमपुरुषी क्रियापद हा प्रश्न विचारीत नाही. आमच्या भाषांत मात्र तृतीयपंथी व्यक्तीला आपली कथा सांगताना पावलोपावली व्याकरणाला उत्तर द्यावे लागते. इतर आत्मचरित्रकारांना ही परीक्षा ठाऊकच नसते.

कथानक थोडक्यात असे. ठाण्यात स्थायिक झालेल्या उत्तर भारतीय ब्राह्मण कुटुंबातला हा थोरला मुलगा. बालपण दम्याने ग्रासलेले. नृत्याची ओढ उपजत. त्याच वयात लैंगिक अत्याचार वाट्याला आले आणि चिडवणारे जग भेटले. पुढे अशोक राव कवी यांच्या भेटीत, आपल्यात विकृत असे काही नाही, हा दिलासा मिळाला. १९९८ साली लक्ष्मी यांनी हिजडा समाजात रीतसर गुरू केला. तथापि आईवडिलांशी असलेले नाते तुटू दिले नाही. २०१४ च्या १५ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला, त्या खटल्यात त्याही सहभागी होत्या. पुस्तक त्या निकालाच्या आधीचे आहे, हे वाचताना ध्यानी ठेवावे.

आमच्या वाचकांना येथे विराटपर्व आठवेल. उर्वशीच्या शापाने अर्जुन बृहन्नडा झाला, उत्तरेला नृत्य शिकवू लागला आणि वर्ष सरताच गांडीव उचलून पुन्हा अर्जुन झाला. बृहन्नडा हा तेथे वेष आहे; उलगडायचे सत्य अर्जुन आहे. लक्ष्मी यांची कथा नेमकी उलट चालते. मुलगा म्हणून काढलेली वर्षे हाच त्यांचा अज्ञातवास, आणि लक्ष्मी म्हणून उभे राहणे हे प्रकटीकरण. या दृष्टीने वाचले म्हणजे पुस्तकातील वाढ कोठे आहे ते कळते. ती मानमरातबाच्या पायऱ्यांत नाही. ज्या गोष्टीची लाज वाटत होती, तीच गोष्ट आईवडिलांसमोर आणि मग चारचौघांत मान वर करून बोलता येणे, ही ती वाढ होय. घराच्या उंबरठ्याशी घडणारे प्रसंग म्हणूनच ग्रंथातील सर्वांत कसदार प्रसंग आहेत. मुलाला न टाकणारे आईबाप तेथे भेटतात, आणि तेही आदर्शाच्या पुतळ्यासारखे नव्हे, तर गोंधळलेली, दुखावलेली माणसे म्हणून.

दोषही सांगितले पाहिजेत. उत्तरार्धात परिषदा, परदेशगमने आणि नामवंतांच्या भेटी यांची गर्दी होते, व पूर्वार्धातील आत्मपरीक्षण मागे पडते. यशाचा वृत्तान्त लांबला की मन झाकले जाते. शिवाय निवेदन एकीचे आणि लेखणी दुसरीची असल्यामुळे, एखादे वाक्य नेमके कोणाच्या श्वासातले, हे पुष्कळदा ठरविता येत नाही. भाषा ओघवती आहे. बोलताना माणूस जेथे अडखळतो तेथेही ती ओघवतीच राहते, हे आम्हांस खटकले.

या संदर्भात तमिळ लेखिका अ. रेवती यांचे उदाहरण बोधप्रद आहे. त्यांनी २००४ साली 'उणर्वुम् उरुवमुम्' या पुस्तकात प्रथम आपल्या समाजातील इतरांच्या जीवनकथा गोळा केल्या आणि आत्मकथा मागाहून सांगितली. व्ही. गीता यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१० साली निघाला. भावाचा मार, घरातून पलायन, दिल्ली व मुंबई येथील दिवस, हे सारे तेथे अलंकाराविना येते. रेवतींनी आधी ऐकले, मग सांगितले; त्यामुळे त्यांच्या 'मी'मागे अनेकींचा आवाज आहे. लक्ष्मी यांच्या कथनात हा समूह क्वचित दिसतो. मात्र रेवतींना जे घर लाभले नाही, ते लक्ष्मी यांच्यापाशी आहे. ही दोन्ही पुस्तके एकमेकांची उणीव भरून काढतात. शक्य त्याने ती जोडीने वाचावीत.

देवळात पुराण ऐकणाऱ्या समाजाला हा विषय परका वाटू नये. म्हार्दोळची म्हाळसा नारायणी म्हणजे मोहिनीरूप विष्णू, अशी आमची श्रद्धा आहे. देवीच्या अंगावर यज्ञोपवीत असते. देवलीलेची आणि मानवी दुःखाची तुलना आम्ही करीत नाही. परंतु जी गोष्ट गाभाऱ्यात हात जोडून पाहतो, तिची दूरची आठवण रस्त्यावर भेटली असता तोंड फिरवावे, हे श्रद्धेला शोभत नाही. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे. सांगणाऱ्याने आपले काम केले आहे. ऐकणे हे आता आमचे काम आहे, आणि 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे पुस्तक त्याच्या दोषांसह ऐकण्याजोगे आहे, असा आमचा अभिप्राय आहे.